कर्करोगाच्या उपचारांत मदत कोणाकडे आणि केव्हा मागावी

बायोप्सीचा अहवाल हातात पडला की घरात दोन कामे एकदमच सुरू होतात. पहिले काम डॉक्टरांचे असते: गाठ कोणत्या प्रकारची आहे, आजार कोणत्या टप्प्यात आहे, आधी शस्त्रक्रिया करायची की कीमो द्यायची. दुसरे काम घरच्यांचे असते आणि ते कोणी शिकवत नाही: पैसे कुठून उभे करायचे, उपचारांसाठी रोज खारघरचे किंवा परळचे टाटा रुग्णालय कसे गाठायचे, नोकरीवर काय सांगायचे, मध्यरात्री ताप आला तर कोणाला उठवायचे. हा लेख केवळ या दुसऱ्या कामाविषयी आहे. घणसोलीला राहणाऱ्या माझ्या मावशीच्या उपचारांची फाईल वर्षभर माझ्या ताब्यात होती आणि त्या वर्षात जी गोष्ट मला फार उशिरा कळली, ती सुरुवातीलाच सांगते. मदत मिळण्याची ठिकाणे आपल्याकडे बरीच आहेत. मात्र त्यांतल्या बहुतेक ठिकाणी खर्च होण्यापूर्वी जावे लागते. पैसे भरून झाल्यावर पावत्यांचा गठ्ठा घेऊन गेलेल्या माणसाला सहानुभूती मिळते, रक्कम मिळत नाही.

आमचे नेमके तेच झाले. मावशीची शस्त्रक्रिया एका खासगी रुग्णालयात ठरली आणि घाबरलेल्या मनःस्थितीत आम्ही मुदत ठेव मोडून दुसऱ्याच दिवशी डिपॉझिट भरले. चौथ्या दिवशी, औषधे आणायला खाली उतरले असताना, जिन्याशेजारी एक लहानसे टेबल आणि त्यामागे आरोग्यमित्राची, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेत रुग्णांची नोंदणी करणाऱ्या माणसाची, पाटी मला दिसली. तिथल्या गृहस्थांनी फाईल उघडली, भरती झाल्याची तारीख पाहिली आणि फाईल मिटून परत दिली. "ताई, भरती व्हायच्या आधी यायला हवं होतं," एवढेच ते म्हणाले. मावशीचे केशरी रेशनकार्ड त्या क्षणी माझ्या पिशवीतच होते.

त्या टेबलावर जी योजना चालते, तिचे नाव महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना. ती २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली, २०१७मध्ये तिला आजचे नाव मिळाले आणि पुढे केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी ती जोडली गेली. पूर्वी ती मुख्यतः पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डधारकांसाठी होती. १ जुलै २०२४पासून पांढरे रेशनकार्ड असलेली कुटुंबेही तिच्यात आली आणि संरक्षणाची मर्यादा दरवर्षी पाच लाख रुपये झाली. ही मर्यादा प्रत्येक माणसाची नसून संपूर्ण कुटुंबाची असते, हे लक्षात ठेवावे. कर्करोगाची शस्त्रक्रिया, कीमोथेरपी आणि रेडिएशन हे तिन्ही उपचार तिच्यात आहेत, परंतु प्रत्येक उपचाराचे ठरलेले पॅकेज असते आणि नव्याने आलेली सगळीच महागडी औषधे त्या पॅकेजांत बसत नाहीत.

योजनेची कार्यपद्धती समजली की निम्मी धावपळ वाचते. रुग्णालय योजनेत सामील असले पाहिजे आणि तो विशिष्ट उपचारही त्या रुग्णालयासाठी मंजूर असला पाहिजे. या दोन अटी वेगवेगळ्या आहेत आणि दोन्ही विचारून घ्याव्यात. त्यानंतर आरोग्यमित्र रेशनकार्ड आणि आधार तपासून नोंदणी करतो, रुग्णालय तपासण्यांचे अहवाल जोडून पूर्वमंजुरी मागते, मंजुरी आली की उपचार सुरू होतात आणि पैसे थेट रुग्णालयाला मिळतात. रुग्णाने आधी भरायचे आणि नंतर परत मागायचे, असा मार्ग यात धरलेलाच नाही. १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या मोफत क्रमांकांवर आपल्या भागातील कोणत्या रुग्णालयात कर्करोगाचे उपचार योजनेखाली होतात, हे घरबसल्या विचारता येते. आरोग्यमित्राच्या कामाचे कोणतेही शुल्क नसते. रुग्णालयाच्या दाराबाहेर उभे राहून "मी करून देतो" असे सांगणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहावे. घरातील रुग्ण सत्तर वर्षांचा किंवा त्याहून मोठा असेल, तर उत्पन्नाची अट न लावता मिळणारे आयुष्मान वय वंदना कार्डही काढून घ्यावे.

कागदांची पडताळणी ही वरवर किरकोळ वाटणारी, पण सर्वांत जास्त दिवस खाणारी बाब आहे. मावशीच्या आधारवर लग्नानंतरचे नाव होते आणि रेशनकार्डावर तिचे वय सात वर्षांनी कमी लिहिलेले होते. ही दुरुस्ती शिधावाटप कार्यालयात करून घ्यायला आम्हाला दोन आठवडे लागले आणि ते दोन आठवडे कीमोच्या पहिल्या आवर्तनाच्या अंगावर आले. त्यामुळे निदान झाल्याच्या आठवड्यातच, पुढचे काही ठरायच्या आत, रेशनकार्ड, आधार आणि बँकेचे पासबुक शेजारी शेजारी ठेवून नाव, जन्मतारीख आणि पत्ता ताडून पाहावा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखलाही त्याच वेळी सेतू केंद्रातून किंवा 'आपले सरकार'च्या संकेतस्थळावरून अर्ज करून मागवावा, कारण तो पुढे निदान चार ठिकाणी लागतो.

या सगळ्या धावपळीत एका कागदाचे वजन बाकीच्यांपेक्षा जास्त असते. तो म्हणजे रुग्णालयाच्या लेटरहेडवर, शिक्का आणि सहीसह दिलेले खर्चाचे अंदाजपत्रक, ज्याला रुग्णालयात सगळे एस्टिमेट म्हणतात. त्यात रुग्णाचे नाव, निदान, ठरलेले उपचार, लागणारा एकूण खर्च आणि रुग्णालयाच्या बँक खात्याचा तपशील असावा. मुख्यमंत्री सहाय्यता निधी असो, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी असो की एखादा खासगी धर्मादाय न्यास, सगळे आधी हाच कागद मागतात, कारण त्यांची रक्कम रुग्णाच्या हातात न पडता रुग्णालयाच्या खात्यात जाते. एकाच एस्टिमेटवर अनेक ठिकाणी अर्ज करणे यात गैर काही नाही, मात्र कुठून किती मिळाले हे प्रत्येक पुढच्या अर्जात प्रामाणिकपणे लिहावे. न्यासांची माणसे एकमेकांना ओळखतात आणि लपवलेली रक्कम उघडकीला आली, तर पुढची मदत थांबते.

हे अर्ज स्वतः शोधत बसण्यापेक्षा रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवा विभागात जावे. माझ्या मते संपूर्ण रुग्णालयात हा सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी विचारला जाणारा दरवाजा आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१पासून चालू आहे आणि त्याच संस्थेचे खारघरचे केंद्र, ज्याला नवी मुंबईतले रिक्षावालेसुद्धा केवळ 'टाटा' म्हणतात, ठाणे आणि नवी मुंबईच्या रुग्णांना तुलनेने जवळ पडते. टाटामध्ये नोंदणी करताना सर्वसाधारण किंवा खासगी असा वर्ग निवडावा लागतो आणि दोन्हींच्या दरांत मोठे अंतर असते. लवकर नंबर लागेल या आशेने ऐपत नसताना खासगी वर्ग निवडणारी कुटुंबे पुढे अडचणीत येतात. समाजसेवक घरची परिस्थिती विचारतात तेव्हा संकोच करू नये. कर्ज किती, कमावणारे किती, गावाकडे शेती आहे का, हे ते कुतूहल म्हणून विचारत नसून कोणत्या निधीत तुमचा अर्ज बसेल, हे त्यावरून ठरवत असतात.

खासगी वाटणारी अनेक मोठी रुग्णालये कागदोपत्री सार्वजनिक न्यास असतात. महाराष्ट्राच्या १९५०च्या सार्वजनिक न्यास कायद्यातील कलम ४१ एए आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६मध्ये मंजूर केलेली योजना यांनुसार अशा धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. शिवाय आपल्या एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम त्यांनी निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढायची असते. निर्धन कोण आणि दुर्बल कोण, हे वार्षिक उत्पन्नावरून ठरते आणि त्यासाठीच वर सांगितलेला तहसीलदारांचा दाखला लागतो. स्वागतकक्षात "खाट रिकामी नाही" असे तोंडी उत्तर मिळाले, तर अर्ज लेखी द्यावा आणि त्याची पोच मागावी. लेखी अर्जाला उत्तर द्यावे लागते, एवढ्यानेच पुष्कळदा खाट सापडते.

स्वयंसेवी संस्थांमध्ये इंडियन कॅन्सर सोसायटी ही १९५१पासूनची आणि कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही १९६९पासूनची संस्था. दोन्ही मुंबईत आहेत आणि दोन्ही रुग्णांना मदत करतात. लहान मुलांसाठी व्यवस्था वेगळी आणि अधिक भक्कम आहे. सेंट ज्यूड्सच्या केंद्रांत बाहेरगावच्या मुलाची आणि आईवडिलांची उपचारकाळात मोफत राहण्याची सोय होते आणि त्यांचे एक केंद्र खारघरलाही आहे. कडल्स फाउंडेशन कर्करोग झालेल्या मुलांच्या पोषणाकडे पाहते. इंटरनेटवर लोकवर्गणी गोळा करण्याचा मार्ग मी शेवटी ठेवते. त्यात रुग्णाचा फोटो आणि आजार जगजाहीर होतो, काही संकेतस्थळे आपला हिस्सा कापून घेतात, आणि रुग्णाच्या बारावीतल्या मुलीला वर्गात कोणी तो फोटो दाखवला, तर तिला काय वाटेल, याचा विचार करायला घाईत कोणाला सुचत नाही.

नोकरी करणाऱ्यांनी पगारपत्रक नीट पाहावे. तुर्भे, महापे, रबाळे किंवा वागळे इस्टेटमधील कारखान्यांत आणि लहान कंपन्यांत एकवीस हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या पुष्कळ कामगारांच्या पगारातून कर्मचारी राज्य विम्याची, म्हणजे ईएसआयची, वर्गणी कापली जाते. पण तिचा उपयोग सर्दीखोकल्यापुरताच आहे, अशी समजूत असते. कर्करोगासारख्या दीर्घ आजारात, सेवेच्या आणि वर्गणीच्या अटी पूर्ण असतील, तर वेतनाच्या ऐंशी टक्के दराने वाढीव आजारपण लाभ मिळतो आणि तो दोन वर्षांपर्यंत चालू शकतो. म्हणून कामावरून आपणहून राजीनामा देण्याची घाई करू नये. नाते तुटले की हक्कही तुटतो. भविष्य निर्वाह निधीतूनही आजारपणासाठी अंशतः रक्कम काढता येते.

खासगी आरोग्य विमा असलेल्यांची सर्वांत मोठी गफलत खोलीच्या निवडीत होते. समजा, पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला पाच हजार आहे आणि आपण आठ हजारांची खोली घेतली, तर वरचे तीन हजार भरून विषय संपत नाही. बऱ्याच पॉलिसींत डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियागृहाचे शुल्क यांसारखे खर्चही पाचास आठ या प्रमाणात कापले जातात, म्हणजे एक लाखाच्या अशा बिलापैकी साडेबासष्ट हजारच मंजूर होतात. कीमो आणि रेडिएशन हे डेकेअर उपचार असल्याने चोवीस तास भरती असण्याची अट त्यांना लागत नाही, हेही पॉलिसीत तपासून घ्यावे. प्राप्तिकरात जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना १९६१च्या कायद्यातील कलम ८० डीडीबीखाली कर्करोगाच्या उपचारखर्चासाठी चाळीस हजारांपर्यंत, आणि रुग्ण ज्येष्ठ नागरिक असल्यास एक लाखापर्यंत, वजावट मिळत आली आहे; तिच्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवावी लागते.

जाण्यायेण्याचा प्रश्न रेडिएशनच्या काळात सर्वांत तीव्र होतो, कारण कीमोसारखे ते दोनतीन आठवड्यांतून एकदा नसते. आठवड्याचे पाच दिवस, काही आठवडे, रोज दहापंधरा मिनिटांच्या शेकासाठी माणूस दोन-दोन तास वाटेत असतो. ठाण्याहून ट्रान्सहार्बरच्या पनवेल गाडीने खारघरला उतरणे त्यातल्या त्यात सोपे; परळला जायचे तर धिम्या गाडीने जावे किंवा दादरला उतरावे लागते. उपनगरी गाड्यांतील दिव्यांगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांनाही प्रवासाची मुभा आहे आणि डब्यावर तसे लिहिलेलेही असते. जवळ रुग्णालयाचे प्रमाणपत्र ठेवावे, कारण अंगावर आजार दिसत नसेल, तर सहप्रवासीच आधी हटकतात. लांब पल्ल्याच्या गाड्यांत रुग्णालयाने विहित नमुन्यात दिलेल्या प्रमाणपत्रावर भाड्यात सवलत मिळते: स्लीपर आणि तृतीय वातानुकूलित वर्गात रुग्णाला पूर्ण, तर सोबतच्या एका व्यक्तीला पंचाहत्तर टक्के. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडून उपचारांसाठी ठाण्यातल्या नातेवाइकांकडे येणाऱ्यांना ही माहिती फार उपयोगी पडते. नातेवाईक नसतील, तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांच्याकडे चौकशी करावी. जागा मर्यादित असते आणि रुग्णालयाचे पत्र लागते, म्हणून तेही समाजसेवकांमार्फतच करणे सोयीचे.

आता घरातली आणि शेजारची मदत. "काही लागलं तर सांगा," असे प्रत्येकजण म्हणतो आणि मनापासून म्हणतो, पण काय लागणार आहे हे ठरवण्याचे ओझे त्या वाक्याने पुन्हा रुग्णाच्याच घरावर पडते. मावशीच्या पहिल्या कीमोनंतरच्या गुरुवारी तिच्या मजल्यावरून तीन घरांतून तीन डबे आले: वांग्याची भाजी, कोंबडीचा रस्सा आणि लसणाची फोडणी दिलेली डाळ. फोडणीच्या वासानेच तिला ओकारी आली आणि शनिवारी फ्रीज रिकामा करताना मावसभावाने ते सगळे अन्न टाकले. पुढच्या आवर्तनापासून त्याने जिन्यातल्या चार घरांना प्रत्येकी एकेक ठरावीक काम दिले. मंगळवारी मऊ भात आणि ताक समोरच्या काकूंकडून, रक्ततपासणीचा अहवाल आणणे खालच्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या मुलाकडे, गॅस सिलिंडर आणि वीजबिल तिसऱ्या घराकडे, आणि चौथ्या घराकडे मध्यरात्री गाडी काढण्याची तयारी. चौथ्या घराने वर्षभरात दोनदाच गाडी काढली, पण ती तयारी आहे एवढ्यावर बाकीच्यांना झोप लागत असे.

गाडी काढण्याचे कारण नीट समजून घ्यायला हवे. कीमोमुळे रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात आणि बऱ्याच औषधांच्या बाबतीत सातव्या ते चौदाव्या दिवसांदरम्यान त्या सर्वांत खाली गेलेल्या असतात. रुग्णालयात याला "काउंट कमी झाले" असे म्हणतात. या दिवसांत १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप ही सकाळपर्यंत थांबण्याची गोष्ट नसते. घरच्या घरी तापाची गोळी देऊन ताप दाबू नये, कारण त्याने संसर्ग झाकला जातो. आधी रुग्णालयाला फोन करावा आणि लगेच निघावे. रुग्णालयाचा रात्रीचा क्रमांक फोनमध्ये असतोच, पण फोन बंद पडतो. म्हणून तो क्रमांक फ्रीजच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवावा. या काळात सर्दी झालेल्या पाहुण्यांना दारातूनच परत पाठवण्याचे अप्रिय काम रुग्णावर न टाकता घरातल्या दुसऱ्या कोणीतरी अंगावर घ्यावे.

प्लेटलेट्स कमी झाल्या, तर रक्तदाते लागतात आणि ते आयत्या वेळी मिळत नाहीत. प्लेटलेट्स साधारण पाच दिवसच टिकतात, त्यामुळे रक्तपेढीला त्यांचा मोठा साठा करून ठेवता येत नाही. यंत्राद्वारे एकाच दात्याकडून प्लेटलेट्स घेण्याच्या पद्धतीत दात्याचे बाकीचे रक्त त्याला परत दिले जाते, म्हणून संपूर्ण रक्तदानासारखी तीन-चार महिने वाट पाहावी लागत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर रात्री अकरा वाजता "तातडीने हवे" असा संदेश टाकण्याऐवजी उपचार सुरू होतानाच आठदहा जणांची नावे, रक्तगट आणि कोणत्या दिवशी सुट्टी असते, हे वहीत लिहून ठेवलेले बरे.

काही शस्त्रक्रियांनंतर शरीराच्या नव्या गरजा तयार होतात आणि त्यांबद्दल लोक लाजेने विचारत नाहीत. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावर लावावी लागणारी पिशवी कशी बदलायची, हे शिकवायला स्टोमा परिचारिका असतात आणि मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही अशाच रुग्णांची संघटना आहे. स्तन काढल्यानंतर वापरायचे कृत्रिम स्तन कुठे मिळतील, हे समाजसेवा विभागात कळते. स्वरयंत्र काढावे लागलेल्या रुग्णाला २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली वाचा दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते. कर्करोग स्वतः त्या कायद्याच्या यादीत नाही, पण त्याने मागे ठेवलेले अपंगत्व असू शकते.

उपशामक उपचार, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, हे नाव ऐकले की नातेवाईक गप्प होतात. डॉक्टरांनी हात टेकले, असाच त्याचा अर्थ लावला जातो. वास्तविक वेदना, मळमळ, झोप आणि धास्ती यांवर काम करणारा हा विभाग आहे आणि मूळ उपचार चालू असतानाही त्याच्याकडे जाता येते. शेवटच्या टप्प्यातील शुश्रूषेसाठी वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६पासून आहे आणि ते या प्रकारचे देशातील पहिले केंद्र मानले जाते. मन खचले असेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते, आणि तो क्रमांक केवळ रुग्णासाठी नसून शुश्रूषा करणाऱ्यासाठीही आहे.

शुश्रूषा करणारा माणूस स्वतःसाठी काही मागत नाही, म्हणून त्याची सुट्टी दुसऱ्यांनी ठरवून द्यावी लागते. आमच्याकडे रविवारी दुपारी दोन ते सहा ही वेळ मावसभावाची होती. त्या वेळात मी मावशीपाशी बसत असे आणि तो बहुतेक रविवारी स्टेशनाजवळच्या सलूनमध्ये जाऊन, केस कापायचे असोत वा नसोत, खुर्चीत झोप काढून परत येत असे.